श्रीगोंद्याहून माळरानाची सहल

मैत्रिणींनो, सहल म्हणजे महाबळेश्वरच असं थोडंच आहे? थंडीतल्या एखाद्या रविवारी श्रीगोंद्याहून गाडी काढा. आधी पेडगावचा बहादूरगड पाहा. १६८९ मध्ये कैदेतल्या संभाजीराजांना इथेच औरंगजेबापुढे आणले होते. मग सिद्धटेकला उजव्या सोंडेच्या गणपतीचे दर्शन घ्या. दशम्या-चटणीची शिदोरी तिथेच सोडा, दुपार सावलीत काढा. पुढे सोय मिळेलच असं नाही, म्हणून मुलाबाळांचं सगळं तिथेच आटोपून घ्या. पिण्याचं पाणी घरून भरपूर न्या.

उन्हं कलली की कर्जतजवळचे रेहेकुरी गाठा. काळविटांसाठी १९८० मध्ये राखलेले हे अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे! नर काळेभोर, माद्या तांबूस. मादी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते, म्हणून गाडी किंवा मुले गवतात मुळीच जाऊ देऊ नका.

आपण ज्याला ओसाड म्हणतो, ते गवतच त्यांचं घर. १९७९ मध्ये हेच माळ माळढोकासाठीही राखले होते. आज तो पक्षी इकडे जवळजवळ दिसेनासा झालाय. काळवीट तरी आपल्या नातवंडांना दिसायला हवं ना?