राजस्थानातून आलेले दोघे

कुंथलगिरीच्या यात्रेकरूला धाराशिव जिल्ह्यात राजस्थानशी नाते सांगणारे दोन समाज भेटतात : बाजारपेठेतील मारवाडी आणि नळदुर्ग परिसरातील तांड्यांवरचा बंजारा. (सैतवाळांची गोष्ट निराळी; ते इथलेच.) व्यापार दोघांचाही. बंजारा बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाही, मारवाडी मालावर पैसा लावी. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे तेरमार्गे लातूरला पोहोचली. रेल्वे पेढीला फळली. लमाणाचा बैल मात्र रिकामा उभा राहिला. आज पेढीवाल्यांची नातवंडे पुण्यात शिकतात, तांड्यावरची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. तेलंगणातील त्यांचे सोयरे अनुसूचित जमातीत, हे मात्र विमुक्त जातीत. वस्तुतः १९५६ पर्यंत दोन्ही मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होते. मागे तांड्यावर म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले उरतात.