शस्त्रापूर्वीचा पुरावा

नटराजाच्या मूर्तीपुढे उभे राहिले की आपली दृष्टी बहुधा उचललेल्या चरणावर खिळते. दुसऱ्या चरणाखाली दबलेल्या खुजा पुरुषाचे नाव अपस्मार. अपस्मार म्हणजे स्मृतीचा लोप. आयुर्वेदाने फेफऱ्यास हेच नाव दिले. घरोघरी मात्र कांदा हुंगविणे, चामड्याचा जोडा नाकाशी धरणे आणि रोगी मुलगी असल्यास सोयरिकीच्या वेळी सारे झाकून ठेवणे, एवढाच उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

औषधांनी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांचे झटके आवरतात. उरलेल्यांपैकी काहींच्याच मेंदूत झटक्याचे उगमस्थान एका जागी सापडते व ते काढण्याजोगे असते. ते ठरविण्याचे शिक्षण शल्यविशारदास जसे मिळते, ते आम्हा वकिलांस परके वाटू नये. झटका आला तेव्हा कोणता हात वळला, वाचा राहिली की गेली, हे तो चित्रफितीवर पुनःपुन्हा पाहतो. विद्युत्‌लहरींचा आलेख, एम.आर.आय.चे चित्र, भाषेच्या व स्मरणाच्या चाचण्या हे बाकीचे साक्षीदार. सर्वांनी एकाच जागेकडे बोट दाखविले तर शस्त्र. जबान्या जुळल्या नाहीत तर मेंदूत बारीक तारा बसवून उलटतपासणी. आणि तरीही शंका उरली तर संशयाचा फायदा मेंदूला!

ही विद्या गुरूच्या शेजारी उभे राहूनच येते. वाइल्डर पेनफील्ड १९२८ साली ब्रेस्लाऊ येथे फर्स्टर यांच्यापाशी शिकले, आणि १९३४ साली मॉन्ट्रियल येथे त्यांची संस्था उभी राहिली. तेथे कवटीवरची त्वचा तेवढी बधिर करीत. रोगी जागाच असे, कारण मेंदूस स्वतःला वेदना नाही. विजेचा सौम्य स्पर्श करावा आणि काय झाले ते रोग्यासच विचारावे. जेथे बोलणे अडखळे ती जागा राखावयाची, हा दंडक. त्यांचे शिष्य जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे भारतातील पहिला मज्जाशल्यविभाग उघडला, आणि १९५२ साली तेथे अपस्मारावर शस्त्रक्रिया झाली.

पुढल्याच वर्षी अमेरिकेत हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूचा एक भाग दोन्ही बाजूंनी काढला. त्या भागाचे स्मृतीशी असलेले नाते तेव्हा पुरते उमगले नव्हते. झटके पुष्कळ कमी झाले. परंतु २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्यास नवी ओळख, नवा प्रसंग मनात साठविता आला नाही. फेफरे काढावयास गेले आणि शब्दशः अपस्मार पदरी आला. स्कोव्हिल यांनी १९५७ साली ब्रेंडा मिल्नर यांच्यासह हा वृत्तांत प्रसिद्ध करून इतरांस सावध केले. स्वतःविरुद्ध इतकी स्पष्ट साक्ष मी न्यायालयात क्वचितच ऐकली आहे. एका बाजूस शस्त्र लावण्यापूर्वी दुसरी बाजू स्मृतीचा भार पेलील काय, हे आजच्या शिकाऊ शल्यविशारदास आधी पारखावे लागते ते यामुळेच.

कायद्याचे शिक्षण याहून मंद. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडाच्या पंक्तीस बसविले गेले, तेव्हा वेल्लोरच्या शस्त्रक्रियेस चोवीस वर्षे लोटली होती. ते शब्द १९९९ साली वगळले गेले. तरी ‘विवाहापूर्वी रोग लपविला’ असे अर्ज अजून येतात. बेळगावी अशा एका अर्जात मी पत्नीच्या बाजूने उभा होतो. विवाहानंतर तिच्यावर ही शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून प्रतिपक्षाच्या वकिलांनी तिच्या स्मरणशक्तीवरच रोख धरला. रोगाची कल्पना सासरच्यांस दिल्याचे तुम्हांस खरोखर आठवते काय, असे त्यांनी विचारले. साखरपुड्याची तिथी, वार, माजघरात कोण कोण बसले होते आणि औषधाची चिठ्ठी सासऱ्यांनी चष्मा लावून कशी वाचली, हे तिने न अडखळता सांगितले. अर्ज फेटाळला गेला.