निवृत्त हेराची साक्ष

गुप्ततेचें सामर्थ्य मोठें विलक्षण आहे. जी गोष्ट चारचौघांत मोठ्यानें सांगितली तर तिच्यावर कोणी कवडीचाहि विश्वास ठेवणार नाहीं, तीच कानाशीं लागून, "ही बाब बाहेर जातां कामा नये" अशा प्रस्तावनेसह सांगितली, कीं शहाणासुरता मनुष्यहि ती खरी मानूं लागतो. ठगाचें खरें भांडवल तें हेंच. त्यांत सरकारी गुप्ततेचा वास मिसळला, 'मी वरच्यांचा माणूस आहें, माझ्यामागें कोण आहे तें विचारूं नका' एवढें नुसतें सूचित करतां आलें, कीं मग विचारतो कोण?

आमच्या प्राचीनांनीं या विषयाचा विचार बारकाईनें केला होता. म्हैसूरचे आर. शामशास्त्री यांनीं कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून तो विचार सर्वांना वाचावयास मोकळा झाला. त्याच्या पहिल्याच अधिकरणांत गूढपुरुषांचे प्रकार दिलेले आहेत. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, तापस यांच्या जोडीला वैदेहक म्हणून एक प्रकार आहे. वैदेहक म्हणजे व्यापाऱ्याच्या रूपानें वावरणारा हेर. सुट्टींत आम्ही कांहीं मुलांना हा भाग हौसेनें वाचून दाखवीत असूं. तेव्हां एका चौकस मुलानें विचारलें, "गुरुजी, हेर वाण्याचा वेष घेतो हें कळलें, पण दुकान चांगलें चालूं लागलें आणि नफा दिसूं लागला, तर पुढें वेष कोणता आणि माणूस कोणता?" प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याचें विस्तृत भाष्य आम्हांस पुढें अमेरिकेंतील एका खटल्याच्या हकीकतींत वाचावयास मिळालें. तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

एडविन विल्सन हा १९२८ सालीं आयडाहो राज्यांतील एका गरीब शेतकरी कुटुंबांत जन्मला. पुढें तो अमेरिकेच्या सी. आय. ए. या हेरखात्यांत शिरला आणि त्याच्या वांट्याला काम आलें तें वैदेहकाचें. जहाजी मालवाहतुकीच्या कंपन्या काढावयाच्या, वरून त्या खाजगी व्यापाराच्या दिसावयाच्या, आणि आंतून खात्याची कामें करावयाचीं. कंपनी दिखाऊ असली तरी तिचा नफा दिखाऊ नव्हता. १९७१ सालीं त्यानें सी. आय. ए. सोडली आणि आरमाराच्या 'टास्क फोर्स १५७' या गुप्त शाखेसाठीं तसलेंच काम १९७६ पर्यंत केलें. त्या वर्षीं आरमारी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख ॲडमिरल बॉबी इन्मन यांच्यापुढें त्यानें आपल्या राजकीय वजनाचा सौदा मांडला. इन्मन यांनीं तो नाकारला व त्याच्याशीं असलेला करारच संपविला.

परंतु एव्हांना विल्सनचें बस्तान बसलें होतें. व्हर्जिनियांत त्याची दोन हजार एकरांहून अधिक विस्ताराची शेतवाडी होती. तेथें लोकसभासद, सेनाधिकारी आणि हेरखात्यांतील बडे लोक पाहुणचारास येत. सी. आय. ए. मधील उच्चाधिकारी थिओडोर शॅक्ली हे त्याच्या स्नेह्यांपैकीं होते. सरकारी पगारावर एवढें ऐश्वर्य उभें राहात नाहीं हें कोणत्याहि कारकुनाला समजलें असतें. पण पाहुण्यांपैकीं प्रत्येकाला वाटे कीं, दुसऱ्यानें चौकशी केलेली असेलच. आणि न केली तरी अशा माणसाची चौकशी न करणें हेंच शहाणपणाचें.

आतां यांत दुसरा मनुष्य येतो. केव्हिन मल्केही हा सी. आय. ए. ची नोकरी सोडून आलेला. १९७६ सालीं विल्सन आणि त्याचा भागीदार फ्रँक टर्पिल (हाहि जुना सी. आय. ए. वालाच) यांच्या कंपनींत तो कामाला लागला. थोड्याच दिवसांत कागदपत्रांवरून त्याच्या ध्यानांत आलें कीं, ही मंडळी लिबियाचे सत्ताधीश गद्दाफी यांना बाँबचीं कालयंत्रें व स्फोटकें पुरविण्याचा आणि ती विद्या शिकविणारीं माणसें पाठविण्याचा व्यवहार करीत आहेत. या कामीं नेलेल्या माजी अमेरिकन सैनिकांतील कित्येकांची समजूत अशी होती कीं, हें सारें आपल्याच सरकारचें गुप्त कार्य आहे. समजूत करून देणाऱ्यानें तसें उघड बोलण्याचीहि गरज नव्हती. त्याची पूर्वीची नोकरी आणि शेतवाडीवरचे पाहुणे हेच त्याचे जामीन होते.

मल्केहीलाहि हा प्रश्न पडलाच असला पाहिजे: खात्याचेंच काम असेल तर बोलणें हा द्रोह, नसेल तर गप्प बसणें हें पाप. पण तो त्या धंद्यांत वावरलेला होता, आणि खात्याचें काम व खात्याच्या नांवावर चाललेलें काम यांतील अंतर त्याला बाहेरच्या माणसापेक्षां लवकर दिसलें. १९७६ च्या सप्टेंबरांत त्यानें सी. आय. ए. आणि एफ. बी. आय. या दोन्ही खात्यांना सर्व हकीकत कळविली.

पुढें काय व्हावें? वाचकांस वाटेल, दुसऱ्या दिवशीं बेड्या पडल्या असतील. तसें झालें नाहीं. चौकशी रेंगाळली. हें प्रकरण कोणत्या कायद्याखालीं घ्यावें, येथपासून तक्रार होती. लॅरी बार्सेला या सरकारी वकिलानें तें चिकाटीनें धरून ठेवलें म्हणून १९८० च्या एप्रिलांत आरोपपत्र तरी दाखल झालें. १९८१ च्या जूनमध्यें सेमूर हर्श या पत्रकारानें मल्केहीच्या सांगण्याच्या आधारें न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणींत दोन लेख लिहिले, तेव्हां कोठें सर्वसामान्य अमेरिकनाला ही गोष्ट कळली. मल्केहीनें तोंवर पांच वर्षें भीतीच्या छायेखालीं काढलीं होतीं.

विल्सन लिबियांत बसला होता. तेथून त्याला आणावयाचा कसा? येथें दैवानें एक गंमत केली. अर्नेस्ट कायझर नांवाचा एक मध्यस्थ त्याच्याकडे गेला. हेरखात्याशीं आपला जुना संबंध आहे, वरच्या वर्तुळांत आपला शब्द चालतो, तुम्हांला डोमिनिकन रिपब्लिक या देशांत सुरक्षित राहतां येईल, अशी आशा त्यानें दाखविली. ज्या मंत्रानें विल्सननें जन्मभर इतरांस भारलें, त्याच मंत्राला तो स्वतः वश झाला! डोमिनिकन विमानतळावर त्याला उतरूं न देतां न्यूयॉर्कच्या विमानांत बसविण्यांत आलें, आणि १५ जून १९८२ रोजीं तेथें अटक झाली. गुप्त पाठिंब्याचें आमिष इतकें जबर असतें कीं, तें विकणारालाहि विकत घ्यावेंसें वाटतें.

ज्यानें हें प्रकरण प्रथम उघडकीस आणिलें त्या मल्केहीला मात्र त्याचा शेवट पाहणें नव्हतें. ऑक्टोबर १९८२ मध्यें, खटल्यांत साक्ष देण्यापूर्वींच, व्हर्जिनियांतील एका प्रवासी निवासाच्या खोलीबाहेर तो मृतावस्थेंत आढळला. वय चाळिशीच्या आंतबाहेर. घातपाताच्या वावड्या उठल्या. पण तपासांत मरण नैसर्गिक ठरलें.

येथें गोष्ट संपती तर ती केवळ एका ठगाची गोष्ट झाली असती. खरा बोध पुढेंच आहे. १९८३ च्या आरंभीं ह्यूस्टन येथें सुमारें वीस टन सी-४ स्फोटकें लिबियास पाठविल्याबद्दल विल्सनवर खटला चालला. बचाव असा कीं, मी हेरखात्याच्या संमतीनें व त्याच्यासाठींच वावरत होतों. त्यास उत्तर म्हणून सी. आय. ए. चे अधिकारी चार्ल्स ब्रिग्ज यांचें प्रतिज्ञापत्र सरकारनें हजर केलें. १९७१ सालीं नोकरी सोडल्यावर, एक अपवाद वजा करतां, विल्सनकडून खात्यानें प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतीहि सेवा घेतलेली नाहीं, असा त्याचा आशय. पंचांनीं विचारविनिमयाच्या वेळीं तें प्रतिज्ञापत्र पुन्हां वाचून घेतलें, आणि आरोपीला दोषी ठरविलें. या व इतर खटल्यांच्या शिक्षा मिळून ५२ वर्षांची कैद झाली.

विल्सननें तुरुंगांत बसून माहितीच्या कायद्याखालीं कागद मागविण्यास आरंभ केला. पुढें न्यायालयानें त्याला वकील नेमून दिला, तो डेव्हिड ॲडलर. हा गृहस्थ स्वतः पूर्वीं सी. आय. ए. मध्यें अधिकारी होता! दप्तरांतील हजारों पानें त्यानें चाळलीं. खात्याचे कागद कोणत्या भाषेंत बोलतात आणि कोठें मौन धरतात, हें त्याला शिकविण्याची गरज नव्हती. त्या पानांतून निघालें कीं, नोकरी सोडल्यानंतर विल्सनचा खात्याशीं ऐंशीहून अधिक वेळां संबंध आला होता. इतकेंच नव्हे, तर तें प्रतिज्ञापत्र खोटें आहे हें सरकारी वकिलांना त्या वेळींच कळलें होतें, व तरीहि त्यांनीं तें न्यायालयास कळविलें नाहीं. ऑक्टोबर २००३ मध्यें न्यायमूर्ति लिन ह्यूज यांनीं ह्यूस्टनची शिक्षा रद्द केली आणि सरकारच्या या वर्तनाबद्दल कडक शब्दांत लिहिलें. २२ वर्षांच्या कैदेनंतर २००४ सालीं विल्सन सुटला व २०१२ सालीं सिअॅटल येथें वारला.

विल्सन निरपराध होता असें यावरून कोणीं समजूं नये. शस्त्रें बाहेर पाठविल्याबद्दलची व्हर्जिनियांतील शिक्षा, तसेंच तुरुंगांतून सरकारी वकिलांच्या खुनाचा कट केल्याबद्दलची न्यूयॉर्कची शिक्षा कायमच राहिली. स्फोटकें लिबियाला गेलीं हेंहि खोटें नव्हे. पण ठगाला पकडतांना राज्यानें ठगाचेंच साधन वापरलें, ही गोष्ट तेवढ्यानें पुसली जात नाहीं. 'आमचें गुपित आहे, विश्वास ठेवा' असें विल्सन म्हणाला, आणि लोक फसले. 'आमचें गुपित आहे, विश्वास ठेवा' असें राज्यहि म्हणालें, आणि पंच फसले. पडदा एकच होता. कौटिल्यानें हेरांवर सुद्धां आंधळा विश्वास ठेविला नव्हता. एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघांची बातमी जुळली तरच ती मानावी, असा त्याचा दंडक आहे. अमेरिकन न्यायालयांत त्या दिवशीं एकाचाच शब्द पुरेसा मानला गेला.

आम्हांस या हकीकतींत सर्वांत मननीय वाटतें तें हें कीं, दोन्ही वेळां पडदा दूर सारणारा मनुष्य नोकरी सोडलेला हेर होता. एकानें ठगाचें खोटें उघड केलें, दुसऱ्यानें खात्याचें. नोकरींत असणाऱ्याला वरिष्ठांची मर्जी असते, बढतीची आशा असते. बाहेरच्याला त्या विद्येची ओळख नसते. विद्या आहे आणि आशा नाहीं, असा मनुष्य निवृत्तांतच सांपडतो. निवृत्ति ही केवळ आरामखुर्ची नव्हे. खरें बोलण्याचा तो उशिरां मिळालेला परवाना आहे.

दुर्दैव असें कीं, हल्लीं आपल्याकडे निवृत्तच ठगांचें आवडतें भक्ष्य झाले आहेत. 'डिजिटल अटक' या नांवाच्या फसवणुकीविषयीं पंतप्रधानांना स्वतः ऑक्टोबर २०२४ मध्यें आकाशवाणीवरून देशाला सावध करावें लागलें. आमचे एक स्नेही, त्यांना आपण नाना म्हणूं, यांनाहि असाच दूरध्वनि आला. आपण केंद्रीय तपासखात्याचे अधिकारी आहों. तुमच्या नांवच्या पार्सलांत अमली पदार्थ सांपडले. बाब राष्ट्रीय सुरक्षिततेची, म्हणून घरांत कोणाला सांगाल तर त्यांनाहि अटक होईल! नाना खोलीचें दार लावून दीड दिवस त्या पडद्यापुढें बसून होते. जन्मभर हिशेब चोख ठेवणारा मनुष्य. पण 'गुप्त' या एका शब्दानें त्यांची बुद्धि बांधून टाकली.

सुनेनें चहा आणला तो त्यांनीं दारांतच घेतला. तिला संशय आला. ती सरळ आंत जाऊन त्या पडद्यावरच्या गणवेषधाऱ्याला म्हणाली, "साहेब, आपली कचेरी कोठें आहे तें सांगा. आमचे हे आतां निघतात आणि नानांचे कागद घेऊन तेथें येतात." पलीकडून दरडावणी झाली, ती पत्ताच विचारीत राहिली. तिसऱ्या खेपेस पडदा काळा झाला. ठेवी मोडण्यासाठीं भरलेला अर्ज नानांच्या उशाखालीं होता, तो तेथेंच राहिला. मुलानें त्याच दिवशीं १९३० या सरकारी मदत-क्रमांकावर तक्रार नोंदविली. त्यानंतर कित्येक दिवस नाना कोणाशीं बोलत नव्हते. मग सुनेनेंच एके दिवशीं समोर बसून सांगितलें, "नाना, तुम्ही फसलां नाहीं, तुम्हांला एकटें पाडलें होतें."

या बाईंनीं एका वाक्यांत सगळें शास्त्र सांगितलें असें आम्हांस वाटतें. व्हर्जिनियांतील शेतवाडी असो कीं नानांची खोली असो, ठगाची पहिली चाल मनुष्याला एकटें पाडण्याची असते. कायद्यांत 'डिजिटल अटक' नांवाची वस्तुच नाहीं, आणि घरच्यांपासून लपवावयास लावणारें कोणतेंहि सरकारी काम गृहस्थाकडे येत नाहीं. एकत्र कुटुंबाचे दोष आम्ही पुष्कळ ऐकले. परंतु तेथें एका माणसाची बातमी जेवणाच्या पंगतींत दहा कानांवरून जाते, आणि तीन सोडून दहा साक्षींनीं पारखली जाते, हा त्याचा गुण लहान नव्हे. तेव्हां वडीलधाऱ्यांनीं इतकेंच करावें: कोणीं कितीहि मोठ्या खात्याचें नांव घेऊन गुप्ततेची शपथ घातली, तर दार उघडावें, घरांतल्या मंडळींना हांक मारावी, आणि तें गुपित सर्वांसमक्ष मोठ्यानें बोलून दाखवावें.