झाले रिकामे!

ग्वाल्हेरला आमच्या सासऱ्यांचे परवान्याचे पिस्तूल दर खंडेनवमीला पूजेपूर्वी साफ होई. एका वर्षी मॅगझीन निघताच आम्ही वकिली ऐटीत म्हणालो, "झाले रिकामे!" त्यांनी वरचा सरकता भाग मागे खेचला, तो चेंबरमधले काडतूस टणकन फरशीवर! त्यांचाही चेहरा उतरला. मॅगझीन आधी, चेंबर मागून. क्रम उलटला तर पुढचे काडतूस आपोआप चढते. काही पिस्तुलांत तर भाग सुटे करण्यापूर्वी चाप ओढावाच लागतो. "रिकामे समजलो" हा बचाव दंड संहितेच्या ३०४-अ कलमाखाली (२०२४ पासून न्याय संहितेचे १०६) आम्ही कोर्टात मांडला होता, आणि अशिलावर मनातून हसलोही होतो. "वकीलसाहेब, करंगळी घालून पाहा," सासरे म्हणाले. आम्ही पाहिले. मग त्यांनी स्वतः पाहिले, आणि तेलाची कुपी मागितली.