तेरावा महिना मोजणारा

डॉ. जेनर आतून दारं लावून घेतो, तिथेच माझं अडतं. 'द वॉकिंग डेड'च्या 2010 मधल्या पहिल्या पर्वात हा माणूस जेमतेम दोन भागांपुरता येतो. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात एकटा उरलेला शास्त्रज्ञ. बाहेर मेलेली माणसं हिंडताहेत आणि हा कॅमेऱ्यासमोर आपल्या नोंदी बोलतोय. ऐकणारं कुणी उरलंय का, ते त्यालाही ठाऊक नाही. जनरेटरचं इंधन संपलं की सगळी इमारत स्फोटात जाणार. त्याआधी तो मालिकेचा नायक रिक याच्या कानात सांगून टाकतो, की लागण सगळ्यांनाच झालेली आहे.

कशाला सांगायचं? आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना!

या म्हणीत आपण महिन्याला बोल लावतो. पण तो कुणीतरी मोजला असेलच ना? चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर 365 चं. ही अकरा दिवसांची तूट साठत जाते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवावा लागतो. गावात दाणा नाही आणि हा गृहस्थ कोणता महिना संक्रांतीवाचून जातोय ते पाहत बसलाय. नसता मोजला तर? दिवाळी सरकत सरकत पावसाळ्यात आली असती. येईना का, उपाशी पोटाला कसली दिवाळी! निदान पेरणी तरी चुकली असती, म्हणावं, तर तेही नाही. मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. त्यांना अधिक मासाचं सोयरसुतक नाही. मग त्या मोजणाऱ्याची बाजू घ्यायची ती कशाच्या बळावर?

मोजणाऱ्यांचंच म्हणाल तर इथे जयपुरात, राजा सवाई जयसिंहाच्या वेधशाळेत, सम्राट यंत्र या दगडी सूर्यघड्याळाची सावली सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर सरकते. नीट पाहिलं तर सरकताना दिसते. जयसिंहाच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट होते. ते मूळचे महाराष्ट्रातले, असं परंपरा सांगते. अरबी शिकून त्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. 1743 मध्ये जयसिंह गेला आणि वेधशाळेचे दिवस फिरले. आता आषाढी पौर्णिमेला ज्योतिषी याच यंत्रावर ध्वज घेऊन चढतात आणि वारा पाहून पावसाचं भाकीत करतात. एवढ्या काटेकोर दगडाकडे लोक शेवटी मागतात काय, तर पाऊस. त्यात त्यांचं काही चुकतं, असं मला म्हणवत नाही.

विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा छप्पनिया अकाल राजस्थान अजून विसरलेला नाही. तो सरतो न सरतो तोच, 1901 मध्ये, या यंत्रांची मोठी डागडुजी सुरू झाली. हे शहाणपण की निव्वळ दरबारी हौस, माझं ठरत नाही. त्या कामात गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली चंद्रधर शर्मा गुलेरी नावाचा विशीही न गाठलेला पंडित होता. हिंदी वाचक त्याला ओळखतात ते 1915 च्या 'उसने कहा था' या कथेमुळे.