गाडी जडच होती

पहिला संशय मी माझ्या खांद्यावर घेतला. डिसेंबरातली पहाट होती, रावेरच्या बाजूला केळी भरायला निघालो होतो आणि गल्लीच्या तोंडाशी पिकअप वळवताना स्टिअरिंग हाताला जड लागलं. वय अठ्ठावन्न. थंडीत उजवा खांदा धरतोच. म्हटलं, आता तेल लावून शेकायचे दिवस आले. पण शनवारा चौकात पुरतं वळण घेतलं, तेव्हा बॉनेटखालून म्हशीसारखा हंबरडा आला. खांदा कितीही दुखला तरी हंबरत नाही. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला, आणि लगेच खिशाची काळजी सुरू झाली.

घरी आलो तर पुतण्या ओट्यावर चहा पीत होता. त्याने बसल्या जागी निकाल दिला, "काका, पंप गेला. नवाच टाकावा लागेल." हल्ली सगळ्यांचं असंच असतं. आवाज ऐकला की आधी सगळ्यात महाग वस्तूचं नाव तोंडात येतं.

तरुणपणी मी बुऱ्हाणपुरात चार वर्षं एका गॅरेजात काढली. आमचे उस्ताद मोमीन घरातले. हातमागावर वाढलेला माणूस, इंजिनाकडे वळला, पण बोटं विणकराचीच राहिली. सुटलेला धागा शोधावा तसे ते बिघाड शोधत. पोराने पाना उचलला की म्हणायचे, "पहले हाथ लगा, फिर औजार." गाडी समोर आली की ते ड्रायव्हरला तीनच गोष्टी विचारत: कधी जड होतं, कुठल्या बाजूला जड होतं, आवाज कधी येतो. तोवर बॉनेट उघडायची कुणाला परवानगी नसे.

त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ट्रकांना पावर स्टिअरिंग नव्हतं. केळीने भरलेला ट्रक उभ्या जागी वळवायचा म्हणजे ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठायचा आणि पूर्ण अंगाचा भार चाकावर टाकायचा. असीरगडाच्या बाजूची वळणं घेऊन आलेल्या माणसाचे दंड पाहावेत! पण त्या गाड्यांचा एक गुण होता. टायरमध्ये हवा कमी झाली, किंगपिन कोरडी पडली, बॉल जॉइंट धरला, की ते त्याच दिवशी हाताला कळायचं. बिघाड आणि माणूस यांच्या मध्ये तिसरं कोणी नव्हतं.

तो तिसरा आला अमेरिकेतून. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात तेलाच्या दाबावर चाकं वळवणारी यंत्रणा चालवून दाखवली आणि १९५१ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल मोटारीत ती लोकांना विकत मिळू लागली. रचना तशी सोपी आहे. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, डबीतलं तेल खेचतो आणि दाबाने स्टिअरिंगच्या बॉक्सकडे पाठवतो. तुम्ही चाकाला जरा पीळ दिला की आतला व्हॉल्व्ह त्या बाजूची वाट उघडतो आणि वळवायचं काम तेल करतं. परतीच्या पाइपाने ते पुन्हा डबीत येतं. टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पीएसआय हवा भरतो. इथे फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर, दाब हजार पीएसआयच्या वर जातो.

म्हणून पुतण्याला म्हटलं, गाडी जड झालेली नाही रे. ती पहिल्यापासून जडच होती. कोणीतरी गुपचूप हात लावत होतं, त्याने हात काढलाय. का काढला, एवढंच आपल्याला शोधायचंय.

शोध नेहमी फुकटापासून सुरू करावा. आधी टायर. पुढच्या दोन्ही चाकांत हवा कमी असेल तर चांगला पंपसुद्धा कण्हतो. माझी हवा बरोबर होती. मग पट्टा. इंजिन बंद करून लांब पदराच्या मधोमध अंगठ्याने दाबला. साधारण बोटभर दबला, म्हणजे ताण ठीक. पट्टा ढिला असता तर वळवताना किंचाळला असता. किंचाळणं आणि हंबरणं यात फरक आहे. किंचाळी पट्ट्याची असते, हंबरडा तेलाचा. मग डबी. झाकणाच्या खाली पट्टी असते, तिच्यावर थंड आणि गरम अशा दोन खुणा. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं आणि वर फेस होता. फेस म्हणजे पंप तेलाबरोबर हवा गिळतोय. थंडीत तेल दाटतं, त्यामुळे पहाटे आवाज मोठा येतो. पारा ४५ च्या आसपास जाणाऱ्या आमच्या मे महिन्यात हीच गळती मला कदाचित आठवडाभर उशिरा कळली असती.

पुतण्या लगेच तेलाचा डबा घेऊन आला. त्याला थांबवलं. ही यंत्रणा बंदिस्त आहे. यातलं तेल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गेलं. वरून भरत राहायचं आणि खालून सांडू द्यायचं, हा दुरुस्तीचा प्रकार नव्हे. रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा पसरला, चाकांच्या जागा पेन्सिलीने आखल्या आणि झोपलो. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा लाल डाग होता, बरोबर परतीच्या पाइपाच्या खाली. क्लिप गंजून ढिली पडली होती. तिथून तेल बाहेर येत होतं आणि डबी रिकामी होत गेली तशी हवा आत शिरत होती. पंप गेला नव्हता, उपाशी होता.

क्लिप बदलली, पाइपाचं चिरलेलं टोक बोटभर कापून पुन्हा बसवलं. आता राहिली हवा. मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हातही घालू नये. इंजिन बंद ठेवूनच पुतण्याला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला लावलं, वीसेक वेळा. मी डबीशी. बुडबुडे येत, पातळी खाली जाई, मी थोडं तेल घाली. चाकं अधांतरी असताना आणखी एक परीक्षा फुकटात होते. तेव्हाही स्टिअरिंग अडखळत फिरलं, तर दोष तेलात नाही, जॉइंटात आहे. एरवी पंपाची ताकद असले कोरडे जॉइंट महिनोन् महिने झाकून ठेवते. माझ्या गाडीचा डावीकडचा एक जॉइंट असाच लपून बसलेला सापडला.

मग इंजिन सुरू करून पुन्हा फेऱ्या. फुल लॉकला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही, तेल तापतं आणि पंपाचा जीव जातो. फेस राहिलाच तर गाडी तासभर तशीच सोडायची. हवा आपोआप वर येते.

हे करताना मला दर वेळी आमच्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आठवतो. अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या आखणीने सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावापर्यंत आणलं. पंप नाही, पट्टा नाही, नुसता उतार. वाटेत शंभराहून जास्त कुंड्या, विहिरीसारख्या वर उघडणाऱ्या. तिथून बोगद्याला हवा आणि उजेड मिळतो, माणूस उतरून साफसफाई करू शकतो. तिथे हवा मित्र, इथे हवा वैरी. पण दोन्हीकडे नियम एकच: पाणी असो की तेल, वाट कुठे बिघडली ते वाटेवर उतरूनच बघावं लागतं.

माझा शहाणपणा जन्मजात नाही. गॅरेजात पावर स्टिअरिंगची गाडी नवीनच येऊ लागली होती, तेव्हा एकदा डबीत तेल कमी दिसलं आणि मी जवळ होतं ते ब्रेक ऑइल ओतलं. तेल ते तेल, असा हिशेब. ब्रेक ऑइलने या यंत्रणेतले रबरी सील फुगतात आणि नरम पडतात. महिन्याभरात ती गाडी चहूबाजूंनी गळत परत आली. उस्ताद ओरडले नाहीत. सगळे सील माझ्याकडून बदलून घेतले आणि जुने एका तारेत ओवून माझ्या खिळ्यावर टांगले. गॅरेज सोडेपर्यंत ते तिथेच होते. तेव्हापासून गाडीच्या पुस्तकात किंवा झाकणावर लिहिलेलं तेल सोडून दुसरा थेंब मी घालत नाही. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, काळं पडून जळका वास आला तर बदलायची वेळ टळून गेलीय.

पुतण्याच्या छोट्या कारमध्ये यातलं काहीच नाही. तिला विजेच्या मोटरचं स्टिअरिंग आहे. तेल नाही, पट्टा नाही, म्हणून माझ्यासारख्याला शोधायला जागाही कमी. तिचं स्टिअरिंग जड होऊन पिवळा दिवा लागला तर आधी बॅटरीची टोकं आणि फ्यूज बघतो. अरुंद जागेत उभ्या उभ्या फार वेळ वळवावळव केली तर मोटर तापून मदत कमी करते आणि निवल्यावर पूर्ववत होते. त्यापलीकडे मी हात घालत नाही. माझ्या गाडीतही काही गोष्टी मी घरी करत नाही. दाबाच्या पाइपाची गळती चालू इंजिनात बोटाने चाचपत नाही, ती धार कातडी फाडून आत जाते. स्टिअरिंगचा बॉक्स उघडत नाही. टाय रॉडचं टोक खिळखिळं असेल तर गाडी गल्लीबाहेरही काढत नाही, कारण जड स्टिअरिंग दमवतं, सुटलेलं मारतं. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तरी हातपाय गाळू नयेत. चाक वळतं, फक्त सगळा भार तुमच्यावर येतो.

या वेळचा खर्च एक क्लिप, अर्धा लिटर तेल आणि जॉइंटचं ग्रीस. पंप जुनाच आहे. तुम्हाला सगळ्यांनी पाना हातात घ्यावा असं माझं म्हणणं नाही. पण महिन्यातून एकदा डबीचं झाकण उघडा, संशय आला तर रात्री पुठ्ठा टाका. आणि गॅरेजात गेलात तर 'स्टिअरिंग खराब झालंय, पंप बघा' असं म्हणू नका. कधी जड होतं, कुठल्या बाजूला, आवाज कधी येतो, एवढं सांगा. अर्धी दुरुस्ती तिथेच झालेली असते.