ऐकीव वाटांचा मुलूख

बाल्मोरा गावातून आर्कन्थांडच्या अवशेषांकडे कसं जायचं, ते हास्फाट अँटाबोलिस तोंडी सांगतो. दक्षिणेकडून गावाबाहेर पडायचं, पूल ओलांडायचा, पूर्वेला मूनमॉथचा किल्ला लागतो तो मागे टाकून उत्तरेला वळायचं. पुढे एका कोरड्या, राखेने भरलेल्या दरीवर ड्वेमर लोकांच्या काळातला जुना पूल आहे. तो पार करून चढण चढलं की आलंच. दार ढकलून उघडणार नाही. जवळच्या नळावरचा दांडा फिरवावा लागतो. एवढं बोलून तो थांबतो. स्क्रीनवर बाण उमटत नाही, आकाशात प्रकाशाचा खांब उभा राहत नाही, किती अंतर उरलं हे सांगणारा आकडा दिसत नाही. त्याचं बोलणं फक्त आपल्या रोजनिशीत लिहिलं जातं आणि आपण चालू लागतो.

बेथेस्डा सॉफ्टवर्क्सचा ‘द एल्डर स्क्रोल्स ३: मोरोविंड’ हा गेम 2002 साली आला. मी तो अनेक वर्षं खेळत आलो आहे. मधल्या काळात पुष्कळ मोठे, देखणे खुल्या जगाचे गेम खेळलो, आवडीने खेळलो. पण चालायला शिकवलं ते मोरोविंडने. व्हार्डनफेल नावाचं बेट, त्याच्या मधोमध लाल पर्वत नावाचा ज्वालामुखी, आणि त्याच्या उतारांवरून चारी बाजूंना पसरलेल्या, लाव्हाने कोरलेल्या दऱ्या. या दऱ्यांना तिथले लोक फोयाडा म्हणतात. लोक त्यांतूनच जा-ये करतात, त्यामुळे त्याच तिथल्या वाटा. एकदा हे उमगलं की पायाखालचा उतारही दिशा सांगू लागतो: चढ लागला तर पर्वताकडे, उतार लागला तर समुद्राकडे. नैर्ऋत्येची दलदल, दक्षिणेची हिरवी शेती, मधला राखाडी पट्टा, पूर्वेची गवताळ कुरणं हे सगळं नजरेत बसलं की नुसत्या मातीच्या रंगावरून आपण कुठे आलो ते कळतं. सह्याद्रीतल्या वाडीत गडाची वाट विचारली की सांगणारा टाकं, उंबर, पडकी चौकी अशा खुणांनी ती सांगतो, ‘जवळच आहे’ म्हणतो आणि ते जवळ किती याचा अंदाज आपल्यावर सोडतो. मोरोविंडमधली माणसं तशीच वाट सांगतात.

ती सांगतातही निरनिराळ्या तऱ्हेने. कोणी नेमकं बोलतो, कोणी उडतं. कोणी खूण सांगतो पण ती रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे हे सांगायचं विसरतो. काही जणांच्या दिशा सरळ चुकीच्या आहेत, आणि जुन्या खेळाडूंना त्या पाठ आहेत. म्हणून मी या गेमसाठी कागदाची वही ठेवतो. मूळ गेममधल्या रोजनिशीत सगळं घडेल त्या क्रमाने साठत जायचं. कामांप्रमाणे लावलेली यादी ‘ट्रायब्युनल’ या पुढच्या भागासोबत आली. पण माझी वही त्या सोयीसाठी नाही. तिच्यात प्रत्येक नोंदीआधी मी सांगणाऱ्याचं नाव लिहितो, मग त्याने काय सांगितलं, आणि खाली जाऊन पाहिल्यावर काय दिसलं. या गेममध्ये सांगणाऱ्याचं नाव माहितीइतकंच महत्त्वाचं असतं.

माआर गानहून उर्शिलाकू जमातीच्या तळावर जायचं वर्णन मला सगळ्यांत आवडतं. गावाच्या उत्तरेचे खडक चढून बानी-डाड फोयाडात उतरायचं, ती वायव्येला समुद्रापर्यंत नेते, मग किनाऱ्याने पूर्वेकडे. वाटेत आसुर्नाबिताश्पी नावाचं डेड्रा या देवतांचं भग्न देऊळ लागतं. या वाटेवर वर क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी घिरट्या घालत असतात, राखेचं वादळ सुटलं की चार पावलांपुढचं दिसत नाही, आणि कमकुवत पात्र सतत धावलं की त्याचा दम संपतो. दम संपला की तलवार शत्रूला लागताना दिसते, पण लागत नाही. म्हणून चालायचं. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि समुद्राची वाट बघायची. देवळाचे वाकडे मनोरे धुक्यातून वर येतात तेव्हा जो आनंद होतो तो शोध लावल्याचा नसतो. कोणीतरी सांगितलेला शब्द खरा निघाल्याचा तो आनंद असतो.

धुक्याबद्दल थोडं सांगायला हवं. 2002 मधल्या संगणकांना लांबवरचा प्रदेश रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून जवळचं तेवढं दाखवून पुढे धुकं सोडलेलं होतं. आज ‘ओपनएमडब्ल्यू’ हे स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेलं इंजिन वापरलं की धुकं हटवता येतं. हटवून पाहिल्यावर बेट किती लहान आहे ते दिसतं. दिवसभराच्या प्रवासाची वाटावीत अशी दोन ठिकाणं एकाच नजरेत मावतात. रस्ते मुद्दाम वळवलेले, टेकड्या मुद्दाम मध्ये घातलेल्या, हेही कळतं, आणि ते ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल आदर वाढतो. याआधीच्या ‘डॅगरफॉल’ मध्ये, म्हणजे 1996 मध्ये, याच कंपनीने यंत्राकडून अवाढव्य प्रदेश तयार करून घेतला होता. मोरोविंडमध्ये प्रदेश पुष्कळ लहान केला आणि घरं, फडताळांवरच्या बाटल्या, पुस्तकं, खडक हाताने मांडले. तरी खेळताना मी धुकं परत लावतो. वाटेची ती सारी वर्णनं लांबचं न दिसणाऱ्या माणसासाठी लिहिलेली आहेत. मनोरे दोन मैलांवरून दिसले तर त्यांच्याबद्दल कोणी काही सांगायची गरजच उरत नाही.

मग पुढच्या गेममधून हे वाट सांगणं का गेलं? त्याचं एक साधं कारण मला पटतं. मोरोविंडमधलं बहुतेक बोलणं लेखी आहे; एका माणसाच्या तोंडी दहा ओळी घालायला फारसा खर्च येत नव्हता. 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’ मध्ये सगळे संवाद ध्वनिमुद्रित झाले. बोललेली ओळ महाग असते, ती आखूड होते, आणि प्रदेशाची मांडणी शेवटच्या महिन्यात बदलली तर ती पुन्हा मुद्रित करणं अवघड. शब्दांनी जे सांगायचं ते काम होकायंत्रावरच्या खुणेने उचललं. 2011 चा ‘स्कायरिम’ मला मनापासून आवडतो, त्यातल्या हिमशिखरांवर मी आजही जातो. पण त्यात ही खूण, म्हणजे मार्कर, बंद करून खेळायला बसलं की एक पोकळी जाणवते. माणसं म्हणतात, अमुक गुहेतून तमुक वस्तू आण. गुहा कुठे आहे, हे त्यातले बरेच जण सांगतच नाहीत. मार्कर काढला म्हणून वाट सांगणारं बोलणं परत येत नाही, कारण ते लिहिलेलंच नसतं.

प्रवासाची साधनंही मोरोविंडमध्ये लोकांकडूनच मिळतात. सिल्ट स्ट्रायडर नावाचा प्रचंड कीटक, त्याच्या पोकळ केलेल्या पाठीत बसायचं, आणि तो हाकणारा फक्त ठरलेल्या गावांनाच नेतो. नावा बंदरांपुरत्या. जादूगारांच्या संघात पैसे भरून दुसऱ्या शाखेत पोहोचता येतं. अल्मसिव्ही मंत्र जवळच्या देवळात टाकतो, साम्राज्याचा मंत्र जवळच्या साम्राज्याच्या देव्हाऱ्यात. यांची सांधेजोड करून कमी पायपिटीत कुठेही कसं पोहोचायचं, ही या गेममधली खरी विद्या आहे, आणि ती तलवारीपेक्षा उशिरा येते. टेलव्हानी घराण्यातल्या जादूगारांच्या बुरशीच्या मनोऱ्यांत वर जायला जिनेच नाहीत. ज्याला हवेत तरंगता येत नाही त्याच्याशी बोलायची त्यांना गरज वाटत नाही. एका घराण्याचा सगळा तोरा त्या नसलेल्या जिन्यात आहे.

इतकी वर्षं या ऐकीव वाटांनी चाललो, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की या गेमची मूळ कथाही त्याच मालाची बनलेली आहे. बादशहाच्या हुकमाने कैदेतून सुटलेला एक अनोळखी माणूस बेटावर उतरतो. केअस कोसाडेस हा हेर त्याला कामाला लावतो, आणि सुरुवातीची कामं म्हणजे निव्वळ माहिती गोळा करणं: या माणसाला भेट, त्या बाईला विचार, हे कागद आण. विषय आहे नेरेव्हार. पूर्वीचा सेनापती, लाल पर्वताच्या लढाईनंतर मेलेला. भाकीत असं की तो पुन्हा जन्म घेईल. बादशहाच्या संदेशातून एवढंच कळतं की हा कैदी भाकितातल्या बाह्य अटींत बसतो. तो खरोखर नेरेव्हार आहे असं तिथे कोणी म्हणत नाही.

नेरेव्हार मेला कसा? देवळाचे पुजारी सांगतात, लढाईतल्या जखमांनी. राखेच्या माळावरच्या जमाती सांगतात, त्याच्याच सल्लागारांनी दगा दिला, आणि तेच सल्लागार आज देव म्हणून पुजले जातात. त्यांतला एक, विव्हेक, अजून आपल्या महालात आहे. त्याला विचारलं तर तो तिसरंच सांगतो. माझ्या वहीत हे सगळे वृत्तान्त सांगणाऱ्यांच्या नावांसह एकाखाली एक आहेत, आर्कन्थांडच्या वाटेसारखेच. फरक एवढाच की तिथे जाऊन पाहता यायचं. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या डोंगराकडे पाहायला जाता येत नाही.

त्यातही या गेमने एक जागा ठेवली आहे. विव्हेकच्या नावाची छत्तीस प्रवचनं छोट्या पुस्तकांच्या रूपाने बेटभर विखुरलेली आहेत, मायकेल कर्कब्राइडने लिहिलेली. भाषा गूढ, प्रतिमा विचित्र, बरेच खेळाडू ती कौशल्य वाढावं म्हणून उघडतात आणि मिटतात. एकोणतिसाव्या प्रवचनात आकड्यांची यादी आहे. प्रत्येक प्रवचनातला तितकावा शब्द उचलला की एक कबुली तयार होते: देवपण चोरलेलं आहे, सेनापतीचा खून झाला आहे, आणि लिहिणारा विव्हेकच आहे. कोणतंही काम हे शोधायला सांगत नाही. शोधलं म्हणून नाणी मिळत नाहीत, रोजनिशीत ओळ पडत नाही, महालात जाऊन त्याला याचा जाब विचारायची सोय संवादात नाही. शेवटच्या लढाईसाठी लागणारा रेथगार्ड हा हातमोजा त्याच्याच हातून घ्यायचा, ज्याने आपल्या कथेतल्या पूर्वजन्मी आपला जीव घेतला असावा त्याच्या हातून. मला संगणकावरच्या कथांमध्ये याहून धीट लेखन फार थोडं भेटलं आहे.

भाकितातला माणूस आपणच का, याची कसोटी जिथे लागते ती अवताराची गुहाही मला अशाच धीटपणासाठी महत्त्वाची वाटते. ती फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला, अझूरा या देवतेच्या वेळीच उघडते. आत आपल्याआधी स्वतःला नेरेव्हार समजलेल्यांची प्रेतं आहेत, आणि त्यांची भुतं बोलतात. त्यांनीही खुणा ऐकल्या होत्या, जुळवल्या होत्या, विश्वास ठेवला होता. ती कुठे चुकली हे ती सांगतात, आणि आपण त्यांच्याहून वेगळे कशावरून, हा प्रश्न तिथून बाहेर पडताना माझ्या सोबत येतो. अझूरा स्वतः येऊन अंगठी देते, तरी तो सुटत नाही. देवतेची साक्ष हीही अखेर एक साक्षच, आणि या देवतेचे त्या सल्लागारांशी जुने हिशेब आहेत.

शेवटी लाल पर्वताच्या पोटात कथेतला मुख्य शत्रू डागोथ ऊर समोर उभा राहतो आणि लढण्याआधी विचारतो: तू खरंच नेरेव्हार आहेस का? उत्तरं तीन आहेत. हो, मी तोच. नाही, मी माझ्याच बळावर इथे आलो. आणि, मला माहीत नाही. काहीही निवडलं तरी लढाई तीच होते. मी दर वेळी वही चाळून पाहतो, कोणी काय सांगितलं होतं, आणि तिसरं उत्तर देतो.